चंडीतल्या देवीला लावलेले कुंकू

२८ जुलै २००७, शनिवार. शुगर लँड

आले : विमानाचे तिकीट, १३४० डॉ. (ह्यांनी घेतले, मी आकडा दोनदा वाचला). टायफॉइडची सुई ५५. इंडियन स्टोअरमधून जाडे पोहे, मेतकूट, उदबत्ती, हिरवा खण ४ डॉ. कुंकवाची छोटी डबी तीनला होती, तिच्या चौपट मोठी पिशवी १.९९ला. पिशवी घेतली.

वृंदा जावाला जाऊन चौदा महिने झाले. भूकंपात तिथली जुनी देवळे खिळखिळी झाली, ती नीट करणाऱ्या लोकांत ही, आणि त्यावरच पीएच.डी. पोरगी खेडेगावात, परक्या घरात राहते. काय खाते, कुठे निजते, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन नाही.

हे येत नाहीत. म्हणतात, "पस्तीस वर्षं रिफायनरीत पाइप बघितले, आता दगड बघायला एवढं लांब कशाला?" तिच्या ई-मेल हेच वाचून दाखवतात, मला कॉम्प्युटर येत नाही. वाचताना मधले काही गाळतात असा संशय आहे.

११ ऑगस्ट, शनिवार. जावा

पोचले. चौतीस तास. सबंध वाट नामस्मरण, मध्ये दोन तास डोळा.

वृं. विमानतळावर मोटरसायकल घेऊन हजर! "मी ह्यावर बसायची नाही." "आई, अर्धा तास फक्त. मला घट्ट धर." बसले. साडी गुडघ्यांत दाबून. छप्पन्नाव्या वर्षी.

भात, ऊस, तंबाखू, आणि शेतात मधेच देऊळ. कुठे नुसता चौथरा. इकडे देवळाला चंडी म्हणतात, मग आत कोणताही देव असो. लांबवर धुरकट डोंगर, तो ज्वालामुखी आहे हे वृं.ने सहज सांगितले, जसे आमच्याकडे एचईबीचे किराणा दुकान दाखवावे.

घर पाक सुगियो आणि बु तिनी यांचे. पाक म्हणजे काका, बु म्हणजे काकू असे समजून चालले आहे. सुगियो अठ्ठावन्नचे असतील, गावातल्या लहान चंडीचे सरकारी राखणदार. दोन वर्षांनी पेन्शन. गाभाऱ्याच्या जाळीची किल्ली सदा कमरेला. आधी ती त्यांच्या वडिलांकडे होती. मुसलमान कुटुंब. मला म्हणून खोलीत आधीच चटई, उशी, पाण्याचा तांब्या.

१३ ऑगस्ट, सोमवार

श्रावण लागला. हौदातले गार पाणी डबड्याने अंगावर घेऊन आंघोळ. एकतीस वर्षांनी शॉवरशिवाय नीट न्हाले असे वाटले.

संध्याकाळी माझी दिवा लावायची आणि बु तिनींच्या नमाजाची वेळ एकच. खोली एकच. त्या एका कोपऱ्यात, मी एका. त्यांचे आटोपले, माझे चाललेलेच. त्या वृं.ला काहीतरी बोलल्या, वृं. हसत सुटली.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, तुमच्या देवाला एवढं समजवावं का लागतं?"

मी म्हटले, सांग त्यांना, तुझ्यासारखी मुलगी दिल्यावर लागतं.

सांगितले की नाही देव जाणे. पण बु माझ्या गुडघ्यावर थाप मारून खूप हसल्या.

१५ ऑगस्ट, बुधवार

वृं.ने लहान चंडी दाखवली. उसाच्या फडापलीकडे, एक खोली आणि मोडके शिखर. पाक सुगियोंनी जाळी उघडली. आत अंधार. वृं.ने बॅटरी लावली.

आमचीच. आठ हात, पायाखाली रेडा, शेपूट एका हातात धरलेले. आमच्या देवघरातल्या टाकावर आहे तीच, फक्त माझ्यापेक्षा उंच. आणि अंगावर हळदीचे बोट नाही, गळ्यात माळ नाही, पुढ्यात दिवा नाही. उंबऱ्याशी दोन-चार सुकलेली फुले. गावातले कोणी कोणी ठेवतात, सुगियो बघून न बघितल्यासारखे करतात.

मी पुढे झाले तर वृं.ने दंड धरला. "हात नाही लावायचा. तो दगड सगळं पितो, तेल, घाम, सगळं."

"देवळात येऊन देवीला हात नाही लावायचा?"

"आई, प्लीज. हे देऊळ नाही, साइट आहे."

"मग आत देवी काय करतेय?"

"शी इज अ स्टोन, आई. अकराशे वर्षांचा. मी आर्किऑलॉजीच्या ऑफिसला लिहून दिलंय की माझे पाहुणे रूल्स पाळतील."

पाळले. बाहेरून नमस्कार केला. घरी येईपर्यंत वृं.शी बोलले नाही. तिला कळलेही नाही.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

त्यांचा स्वातंत्र्यदिन. गल्लीभर लाल-पांढरे झेंडे, पोत्यात पाय घालून बायकांच्या शर्यती. बु तिनी पडल्या, उठल्या, दुसऱ्या आल्या.

भूकंपाची गोष्ट निघाली. घर कोसळले, बु कशाबशा अंगणात आल्या, आणि नवरा? किल्ली घेऊन चंडीकडे पळाला. बुंनी हात नाचवत सांगितले, वृं.ने मराठी केले : "एवीतेवी ती माझी थोरली सवत. मी नवी आहे, तीसच वर्षं झाली."

सुगियो खाली मान घालून शेंगा सोलत होते. कान लाल.

२० ऑगस्ट, सोमवार. उपास

कळले ते असे : इकडे चटणीत वाळवलेल्या कोळंबीचा गोळा घालतात, तव्याला, खलाला सगळ्याला तो वास. मी येणार म्हणून बु तिनींनी बाजारातून नवी कढई आणि नवा खल आणला, आणि दहा दिवस माझे वेगळे रांधतात. वृं.ने आज सांगितले. मी काय केले म्हणून हे?

मन लागत नाही. दिवसातून दोनदा चंडीपर्यंत जाऊन येते. जाळीतून दिसत नाही नीट, पण ती आहे हे माहीत आहे. एवढी लांब आले, कुलस्वामिनी पुढ्यात, आणि म्युझियममधल्यासारखी मागे हात बांधून उभी राहते.

२४ ऑगस्ट, श्रावणी शुक्रवार

ओटी भरली. लिहून ठेवते, कारण कोणाला सांगता येणार नाही.

वृं. सकाळी मोठ्या देवळाकडे, जिथे तिची दुरुस्ती चालते, कामाला गेली. मी न्हाले, ताट केले : खण, नारळ, तांदूळ, फुले, हळद, कुंकू, तेलाची वाटी. सुगियोंपुढे जाऊन उभी राहिले. भाषा नाही. हात जोडले.

त्यांनी ताटाकडे बराच वेळ पाहिले. मग चपला घातल्या. चंडीशी जाळी उघडली, फुलांवर बोट ठेवून मान हलवली, हो. कुंकवावर, तेलावर बोट ठेवून हात आडवा केला, नाही. मला कळले. मग मला एकटीला सोडून ते बांधावर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसले.

फुले वाहिली. खण-नारळ पायाशी ठेवला. एवढ्यावर निघणार होते, खरेच निघणार होते. पण किती वर्षांत एका सवाष्णीने तिला बोट लावले नसेल! चवड्यांवर उभी राहून कपाळाला पोचले. आधी तेलाचे बोट, मग कुंकू. मग पावलांना. मग हात आवरेना, मळवट भरला. रडले.

निघताना वाटले फारच झाले. ओल्या पदराने पुसायला गेले तर पसरले. वाळले की झडेल, घरी झडतेच. खण-नारळ ताटात परत घेतला. सुगियोंनी आत न बघता कुलूप घातले.

वृं.ला म्हटले, फुले वाहिली. "फुलं ओके," म्हणाली.

इतके शांत कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

२६ ऑगस्ट, रविवार

निघाले. बु तिनींनी शेंगदाण्याची चिक्की, केळ्याचे काप बांधून दिले. सुगियो विमानतळावर आले, टेंपोत बॅगेशेजारी बसून. इकडे मुलीला पुत्री म्हणतात. वृं.कडे बोट करून म्हणाले, "पुत्री," आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. काळजी नको, मी आहे.

८ सप्टेंबर, शनिवार. शुगर लँड

हे कॉम्प्युटरवरून मोठ्याने वाचत होते, मी भाजी निवडत होते.

वृं. लिहिते : महिन्याच्या तपासणीत ऑफिसच्या माणसाने देवीच्या कपाळावर आणि पायांवर लाल डाग पाहिले. तेलकट, दगडात मुरलेले. तीनदा कागदाचा ओला लगदा थापून ओढून काढायला बघितले. लगदा गुलाबी होतो, दगड तसाच. स्वस्तातला केमिकल रंग आहे, असे तिचे म्हणणे. शेवटी एक ओळ : आईला विचारा, तिने काही लावलं नाही ना?

हे वळले. "काय गं?"

"फुलं वाहिली फक्त."

"तेच म्हणतो. तू काय वेडी आहेस?" आणि टकटक टाइप केले.

गवारीच्या शिरा काढायच्या राहिल्या, तशीच फोडणीला टाकली.

११ सप्टेंबर, मंगळवार

पिशवी कचऱ्यात टाकली. पुन्हा काढली, कुंकू कचऱ्यात कसे टाकायचे. चिमूटभर ओट्यावर तेलात कालवून ठेवले, तासाने साबणाने घासले. ओटा ग्रॅनाइटचा, पुसला गेला. मग घराच्या मागच्या विटेवर लावून पाहिले. तिथे आहे अजून.

१५ सप्टेंबर, शनिवार. गणेशचतुर्थी

एकवीस मोदक. चौदा घरे येऊन गेली. सगळ्यांचे एकच, "काकू, जावाचं सांगा ना!" सांगितले मोटरसायकलचे, आंघोळीचे, ज्वालामुखीचे. देवीचे कुणी विचारले की आत पाणी आणायला जात होते.

हे सगळ्यांना सांगतात, "हिने तिथे सुद्धा श्रावण पाळला."

२० सप्टेंबर, गुरुवार

वृं.ची मेल. सुगियोंकडून किल्ली काढून घेतली. चौकशी चालू आहे, तोवर मोठ्या देवळाकडे रोजंदारीवर, पडलेले दगड उचलून रांगेत लावायचे. चौकशीत उलटे ठरले तर पेन्शनही जाईल. आणि आता रोज्याचे दिवस. पाणी सुद्धा न पिता उन्हात दगड.

वृं. लिहिते, त्यांना ऑफिसने विचारले, कोणाला आत सोडलं? ते म्हणतात, किल्ली माझ्याकडे होती. दुसरे काही विचारा, हेच. "तो माझ्याशीही बोलत नाही, बाबा. नजर देत नाही. आय थिंक ही इज अशेम्ड."

ह्यांनी हळहळ केली. "बिचारा. लाच खाऊन कुणाला तरी सोडलं असेल."

मी म्हटले, "ते तसले नाहीत."

"तुला काय माहीत? पंधरा दिवस राहिलीस."

नजर देत नाही ती लाजेने नाही. माझे नाव डोळ्यांत दिसेल म्हणून.

२४ सप्टेंबर, सोमवार

पोथीवर मन ठरत नाही. तीच ओळ पाच वेळा. उठते, हॉलमध्ये फेऱ्या, पुन्हा बसते. हे म्हणाले, "एसीत सुद्धा घाम कसा येतो तुला?"

नलूताईंकडे गेले, दोन गल्ल्या सोडून. भुलीच्या डॉक्टर होत्या, आता रिटायर. सगळे सांगितले. पहिल्यांदाच कोणाला.

"अगं, देवी त्यांची की आपली?"

"आपली."

"मग झालं तर! देवीला कुंकू लावलं, कुणाचा गळा नाही कापलास. हे फॉरेनचे नियम त्यांच्यापाशीच राहू देत. ती मूर्ती काय नुसती बघायला घडवली होती की पूजेसाठी?"

बरे वाटले. खरेच वाटले, दोन मिनिटे.

"आणि राखणदार?"

"त्याचं वाईट झालं. पण तू काय त्याला दार उघड म्हणालीस?"

"हो."

नलूताईंनी चहा ओतला. बराच वेळ गाळणी आपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "साखर किती?" तीस वर्षे माझ्या चहात साखर नसते, त्यांना माहीत आहे.

१ ऑक्टोबर, सोमवार

स्वतःशी ठरवले, सुगियोंना पैसे पाठवायचे. माझे साठवलेले आहेत. मग वाटले, कशाचे म्हणून पाठवायचे? आणि वृं.मार्फतच पाठवावे लागतील. ती पहिल्यांदा विचारील, का? सोडून दिले.

उपास धरला आहे. काही होत नाही. उपासाने माझे वजन कमी होईल, त्यांचे दगड नाही.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार. घटस्थापना

घट बसवले. देवीला हळद लावली. कुंकवाकडे हात जाईना. टाक हातात घेऊन बसून राहिले. हे म्हणाले, "आरती करायची ना?" केली. हळदीवरच.

दुपारी टपालाने जावाहून पाकीट. वृं.चे चार ओळींचे पत्र आणि बु तिनींनी ईदेनिमित्त पाठवलेला बाटिकचा कपडा, तपकिरी, बारीक नक्षीचा. वृं.ने लिहिले आहे : "बु म्हणाल्या, हा तुझ्या आईला. मी म्हटलं ह्या वर्षी नको, तुमच्याकडे आधीच टाइट आहे. रागावल्या. म्हणाल्या, वर्षाच्या चूकभुलीची माफी मागायचा हा सण आहे, आणि आईला सांग की मी तिची माफी मागते, काही कमी-जास्त झालं असेल तर."

त्यांनी माझी मागितली.

दरवर्षी ईदेला ही माणसे घरोघर जाऊन असे म्हणतात, लहान-थोर सगळे. वृं.ने मागे फोनवर सांगितले होते, मी 'छान' म्हटले होते.

१७ ऑक्टोबर, बुधवार

आज ह्यांना सांगितले. जेवताना. आधीपासून शेवटपर्यंत.

ह्यांनी घास खाली ठेवला. रागावतील असे वाटले होते त्या गोष्टीवर रागावलेच नाहीत. म्हणाले, "म्हणजे मी लेकीला लेखी खोटं कळवलं."

"मी खोटं बोलले. तुम्ही नाही."

"तू बोललीस, खाली नाव माझं आहे."

 मग ह्यांच्यातला इंजिनिअर बोलला. वृं.चे परमिट डिसेंबरात रिन्यू व्हायचे. तिने लिहून दिले होते पाहुणे नियम पाळतील. हे बाहेर आले तर तिला काढतील. पीएच.डी.चे तीन वर्षांचे काम. "एका माणसाची नोकरी आणि एका मुलीचं सगळं आयुष्य. हिशेब तूच ठेवतेस ना घरात? कर मग."

"हा हिशेब नाही."

"मग काय आहे?"

उत्तर आले नाही. भांडी घासली. स्वच्छ होती ती पण घासली.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

आले उत्तर, उशिरा, नळ सोडल्यावर. वृं.चे जे जाईल ते माझ्यामुळे जाईल आणि ती मला तोंडावर बोलेल, वर्षभर बोलणार नाही, पण तिच्याकडे पासपोर्ट आहे, बाप आहे, विद्या आहे. सुगियोंकडे किल्ली होती.

ह्यांना सांगितले. "तिला विचार तरी आधी," म्हणाले.

विचारले तर ती काय म्हणेल? नको म्हणाली तर सुगियोंचे नुकसान आयुष्यभर तिच्या मानेवर बसेल. हो म्हणाली तर स्वतःचे काम स्वतःच्या हाताने तोडले असे होईल. तिला विचारणे म्हणजे माझे ओझे तिला उचलायला लावणे. विचारणार नाही. कळवणार.

२० ऑक्टोबर, शनिवार. अष्टमी झाली, उद्या दसरा

ऑफिसला पत्र, इंग्रजीत. चार कागद फाडले. S.S.C.ला इंग्रजीत पंचावन्न होते.

सोपे सोपे लिहिले. माझे नाव, कोणत्या दिवशी आले, कोणाची आई. सुगियोंनी फुलांना हो म्हटले, कुंकवाला आणि तेलाला हाताने नाही म्हटले. मला ते समजले होते. समजूनही लावले. त्यांनी पाहिले नाही. मुलगी तिथे नव्हती, तिला मी सांगितले नाही, नंतर विचारल्यावर खोटे सांगितले. कुंकू कोणते, तेल कोणते, तेही लिहिले, काढणाऱ्याला उपयोग होईल.

शेवटी 'आय अ‍ॅम सॉरी' लिहायचे. तिथे अडले. कशाबद्दल? सुगियोंबद्दल, हो. नियम मोडला, हो. वृं.बद्दल, हो. पण देवीला कुंकू लावले ह्याबद्दल? पेन धरून बसले. आत शोधले, नाही सापडले. त्या दिवशीचे रडणे खोटे नव्हते. मग लिहिले की मिस्टर सुगियोंना झालेल्या त्रासाबद्दल आणि दगडाला झालेल्या इजेबद्दल माफी मागते. पूजेबद्दल काही लिहिले नाही. कोणी विचारले तर सांगेन.

हे आत येऊन वाचून गेले. म्हणाले, "मी गाडी काढणार नाही."

म्हटले, "मागितली नाही."

२२ ऑक्टोबर, सोमवार

पोस्टात चालत गेले. दोन मैल. इकडे चालत कोणी जात नाही, अर्ध्या रस्त्याला फुटपाथच नाही, गवतातून. एका बाईने गाडी थांबवून विचारले, "आर यू ओके, मॅम?" कोणी हरवलेली म्हातारी वाटले असेन. म्हटले, येस, पोस्ट ऑफिस. ती म्हणाली बसा, सोडते. नको म्हटले.

ऑफिसचे पाकीट रजिस्टर केले. काउंटरवरच्या मुलाने विचारले, आत काही मौल्यवान? नो म्हटले.

मग वृं.चे दुसरे. त्याची नक्कल इथे ठेवते. मराठीत लिहिले आहे, स्वच्छ, मोठ्या अक्षरात. ओट्यावर बसवून शिकवले होते तिला वाचायला, हळू वाचते पण वाचते.

"चि. वृंदास अनेक आशीर्वाद.

देवीवरचे लाल डाग माझे आहेत. २४ तारखेला तू कामावर असताना मी लावले. तू नको म्हणाली होतीस, पाक सुगियोही नको म्हणाले होते, ते बांधावर पाठ करून बसले असताना लावले. बाबांनी तुला जे कळवले ते माझ्या सांगण्यावरून, त्यांना माहीत नव्हते. तुझ्या आधी ऑफिसला पत्र गेले आहे. तू अडवू नयेस म्हणून आधी पाठवले. त्यात तुझा दोष नाही असे लिहिले आहे, ते मानतील का माहीत नाही. तुझे काम माझ्यामुळे बुडाले तर तू मला काय म्हणशील ते म्हण, मी ऐकून घेईन.

पाक सुगियो तुझ्याकडे बघत नाहीत ते रागाने किंवा लाजेने नव्हे. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू त्यांच्यापुढे जाऊन बस. काही बोलू नकोस, नुसती बस. हे पत्र बु तिनींना वाचून दाखव, सगळे, मधले न गाळता. त्यांनी ईदेला माझी माफी मागितली. त्यांना सांग, मी मागायला हवी होती, मागते आहे.

डाग मी लावला, तो काढायला मीच यावे असे मनात आहे. तू लगदा थापतेस तसा मी थापीन, तू दाखव कसा. सहा महिने लागले तर सहा महिने. तिकिटापुरते माझ्याकडे आहे, बाबांकडे मागणार नाही. बुंच्या घरात राहायचे तोंड नाही, दुसरीकडे चटई टाकेन. पण ऑफिस मला आत पाऊल टाकू देईल का, सुगियोंना मी पुन्हा दिसलेली चालेन का, आणि तुला मी तिथे हवी आहे का, हे तिन्ही तुलाच ठाऊक.

फोन करू नकोस. फोनवर तू रागावशील, मी रडेन, आणि दोघींचे सांगायचे राहील. येऊ की नको, एवढे उलट टपाली कळव."